डोळा बदलायचा नाही

चित्राशेजारच्या निळ्या लोकरीच्या पट्टीवरचं पत्र्याचं झाकण अंधाररावांनी वर केलं आणि त्यांचा हात तसाच वर राहिला. झाकणाखालची निळाई आणि झाकणाबाहेरची निळाई एक नव्हती. डोळ्याच्या ऑपरेशनला जाईपर्यंत ती एकच होती. दर महिन्याच्या अखेरीला हे झाकण त्यांनीच उचललं होतं, मान तिरकी करून बघितलं होतं, आणि खाली जाऊन संचालकबाईंना सांगितलं होतं, फरक नाही. आज फरक होता, तोही असा की शेंबड्या पोरालासुद्धा बोट धरून दाखवावा लागू नये. त्यांनी झाकण खाली केलं, पुन्हा वर केलं. मग त्यांचा हात आपणहून उजव्या डोळ्यावर गेला, नुकताच मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर, आणि नुसत्या डाव्याने त्यांनी पट्टीकडे बघितलं. फरक गेला. पट्टी सबंध एका रंगाची, मळकट, ओळखीची. हात डाव्या डोळ्यावर नेला. फरक परत आला. असं त्यांनी किती वेळा केलं कुणास ठाऊक. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले पहारेकरी, ज्यांना सगळं संग्रहालय मामा म्हणत असे, ते शेवटी खाकरले आणि म्हणाले की बाई चित्रातली आहे, तिला डोळे मारून काही उपयोग नाही.

अंधारराव हसले, म्हणजे तोंडाने हसले. हे नाव त्यांना मामांनीच दिलं होतं आणि ते इतकं चिकटलं होतं की पगाराच्या खिडकीवर खरं नाव सांगितलं की आतला माणूस बुचकळ्यात पडायचा. नाव ठेवण्यात मामांची काही चूक नव्हती. उभा जन्म ह्या माणसाने खिडक्यांच्या झडपा लावण्यात घालवला होता. उजेड लागला की चित्राचा रंग उडतो, हळू उडतो पण उडतो, आणि गेलेला परत येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची नोकरी उभी होती. गंमत अशी की इमारत बांधली होती ती नेमकी उजेडासाठी. जुन्या काळी इथे कापडाचे व्यापारी माल पारखायला येत. वरच्या मजल्यावरच्या ह्या दालनाला उत्तरेकडे दोन पुरुष उंचीच्या खिडक्या आणि वर छताला काच, कारण उत्तरेचा उजेड शांत असतो, त्यात ऊन नसतं, सकाळी निळा म्हणून घेतलेला तागा दुपारी हिरवट निघत नाही. ह्याच फरशीवर तागे उलगडून माणसं रंगावरून हमरीतुमरीवर आली असतील. आणि मग संग्रहालय आलं, जलरंगांची चित्रं आली, आणि चित्रांमागून आले अंधारराव. झडपा बंद, छताच्या काचेवर काळं कापड, आणि चित्रांवर मिणमिणते दिवे. आंधळी कोशिंबीर खेळायला यावं तशी माणसं चाचपडत यायची आणि चाचपडत जायची.

संचालकबाई नव्या आल्या तेव्हा दारातच थबकल्या होत्या. वयाने अंधाररावांच्या मुलीएवढ्या असतील, पण बोलणं रोखठोक. त्या म्हणाल्या की अशा घराचे डोळे बांधून ठेवणं म्हणजे नदीकाठी बसून वाटीने पाणी मोजून पिण्यासारखं आहे. मग त्यांनी बेत मांडला. काचांवर पातळ पारदर्शक फिल्म लावायची, उजेडातला जो भाग जास्त घातक तो तिथेच अडतो. आतून पांढरे पडदे असे लावायचे की उजेड भिंतीवर न पडता आधी छतावर जाईल आणि तिथून मवाळ होऊन खाली उतरेल. माणसं नसतील तेव्हा झडपा बंद. एक वर्ष करून बघू, म्हणाल्या, आणि त्या वर्षात खरोखर किती नुकसान होतं ते निळ्या पट्टीवर मोजू. सगळ्यांनी माना वळवून अंधाररावांकडे बघितलं, आता हे कसे उसळतात म्हणून. आणि अंधारराव म्हणाले, करा. मामा नंतर कितीतरी दिवस म्हणत होते की सूर्य कुठून उगवला ते बघायला पाहिजे. का हो म्हणालात, असं तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनी इमारतीचं, बाईंच्या बेताचं कौतुक केलं असतं. खरं कारण एवढंच होतं की त्यांना शाल दिसेनाशी झाली होती.

शाल म्हणजे चित्रातल्या बाईची. ह्याच दालनात मधल्या भिंतीवर एक जलरंग होता. खिडकीशी उभी बाई, चेहरा अर्धा वळलेला, दोन्ही हातांनी खांद्यावरची निळी शाल धरलेली, जशी कुणीतरी मागून हाक मारली आणि जावं की न जावं हे तिचं ठरत नाही. चित्रकार कोण ते कुणालाच माहीत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी, म्हणजे आधीच्या झडपावाल्याने, त्यांना ह्या चित्रापुढे उभं केलं होतं, एक झडप बोटभर उघडली होती, आणि तो निळा असा काही समोर आला होता की तरण्याताठ्या माणसाचं पाऊल मागे सरावं. मास्तरांनी लगेच झडप लावली. म्हणाले, बघितलंस? एवढं बघितलंस त्याचीसुद्धा किंमत तिने मोजली. प्रत्येक चित्रात बघणं मोजून भरलेलं असतं बाबा, सांडायचं नाही. मास्तर कंजूस होते, चहासुद्धा दोघांत एक घ्यायचे, पण त्या दिवशी ते अंधाररावांना ऋषीसारखे वाटले. पट्टी वाचायला त्यांनीच शिकवलं. पुठ्ठ्यावर निळ्या रंगवलेल्या लोकरीच्या फिती, पहिली सगळ्यांत नाजूक, शेवटची सगळ्यांत चिवट, अर्ध्या भागावर पत्रा. पुठ्ठा चित्राच्या बाजूला लावायचा. पत्र्याखालचं जसंच्या तसं राहतं, बाहेरचं चित्राबरोबर उजेड खातं. पत्रा उचलून दोन्हींत फरक दिसला तर समजायचं की चित्रालाही झळ लागली. आणि मास्तरांचा एक नियम होता, तो अंधाररावांनी आयुष्यभर देवासारखा पाळला. पट्टी एकाच माणसाने वाचायची. आज ह्याने, उद्या त्याने असं नाही. दोन माणसांचा निळा एक नसतो, मग भांडत बसा. डोळा बदलायचा नाही.

तर त्या डोळ्याला गेली काही वर्षं शाल तपकिरी दिसू लागली होती. आधी वाटलं, दिवे जुने झाले. बदलले. मग वाटलं, नवे दिवे वाईट. दालन बंद झाल्यावर ते एकटेच चित्रापुढे उभे राहत आणि त्यांना धडधडीत वाटे की बाई विझत चालली आहे, आणि आपण तिला एवढं जपलं, काळोखात ठेवलं, तरी विझते आहे. हे ते कुणापाशी बोलले नाहीत. काय बोलणार? आणि मग बाईंचा उजेडाचा बेत आला तेव्हा त्यांच्या मनाने उचल खाल्ली की दिव्यांत दिसत नसेल, उजेडात दिसेल. पहिल्या दिवशीसारखं एकदा दिसू दे. झडपा उघडल्या, दालन दुधासारखं पांढरं झालं, आलेली माणसं अहाहा म्हणाली, मामांनी आपल्या टोपीवरची धूळ पहिल्यांदा बघितली आणि झटकली. सगळ्यांना सगळं दिसलं. त्यांना शाल दिसली ती तपकिरीच. पण पट्टी म्हणत होती, फरक नाही. म्हणजे त्यांचाच डोळा म्हणत होता. एकाच डोळ्याने चित्र गेलं म्हणायचं आणि त्याच डोळ्याने काही गेलं नाही असंही सांगायचं, हे त्यांना तेव्हा विचित्र कसं वाटलं नाही, ह्याचं त्यांना आता, पट्टीसमोर उभं राहून, नवल वाटत होतं. इतकी साधी गोष्ट. पण मोतीबिंदू ही भानगड अशी की ती आपल्याला आपल्यात दिसत नाही, जगातच काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

बायकोला मात्र ते आधीच कळलं होतं. ती म्हणायची, तुम्हाला दिसत नाही. ते म्हणायचे, तुलाच समजत नाही. तिने पुढच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या करून घेतल्या तेव्हा ह्यांनी रंगाऱ्याशी वाद घातला होता की हा साईचा रंग आहे, पांढरा नव्हे, आणि रंगारी बिचारा डबा दाखवत राहिला होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी सोडून घरी आले तर भिंती पांढऱ्याशुभ्र. त्यांनी विचारलं, कधी रंगवल्या? ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. आणि ती हसत असताना त्यांना तिचे केस दिसले. सगळे पांढरे. ते मनात तिला करड्या केसांची समजत होते. हनुवटीखाली, गळ्याशी, हातांवर बारीक डाग. त्यांनी पटकन उजवा डोळा झाकला, आणि ती परत पूर्वीसारखी झाली, मऊ, सोनेरी, जुन्या फोटोतल्यासारखी. डोळा उघडला, म्हातारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडे दिवस निळं जरा जास्तच दिसेल, घाबरू नका, मेंदू जुळवून घेतो, आणि डावाही पुढच्या महिन्यात करून टाकू. म्हणजे पुढच्या महिन्यात ती सोनेरी बायको जाणार. कायमची. आणि ह्यातली खरी कुठली, हे सांगायला कुणी उरणार नाही. हे त्यांना इतकं चमत्कारिक वाटलं की सकाळी निघताना ते दारात एक डोळा मिटून उभे राहिले, आणि ती म्हणाली, आता हे काय नवीन.

पट्टी काय म्हणते, संचालकबाईंनी जिन्यातच गाठून विचारलं. दुपारी समितीची बैठक होती, वर्ष संपलं होतं, आणि अंधाररावांनी फरक नाही म्हटलं की दालन पुढेही असंच उजेडात राहणार होतं, चित्रासकट. त्यांच्या हातात कागदांची चळत होती आणि चेहऱ्यावर उत्तर आधीच माहीत असल्याचा आनंद. अंधाररावांच्या जिभेवर ते दोन शब्द इतके सरावाचे होते की नुसतं तोंड उघडलं असतं तरी आपसूक बाहेर पडले असते. ते म्हणाले, जरा बाहेर जाऊन येतो, मग सांगतो. बाईंनी भुवया उंचावल्या, पण म्हणाल्या, या.

बाहेर येऊन ते नुसते चालत सुटले. उन्हात सगळं इतकं स्वच्छ होतं की अंगावर आल्यासारखं वाटत होतं. औषधाच्या दुकानाची पाटी, थांब्यावरच्या बाकाचा निळा रंग, कुठल्याशा शाळेतून सुटलेल्या मुलींचे सदरे. उजव्या डोळ्याने बाक आकाशाएवढा निळा, डाव्याने चिखलात बुडवून काढल्यासारखा. त्यांनी एका बाईला विचारलं की हा बाक कुठल्या रंगाचा आहे, आणि ती उत्तर न देता चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. बरोबरच आहे म्हणा. आता विचार करायचा तर नीट करू या, असं स्वतःला बजावून ते त्या बाकावर टेकले. मास्तरांचा नियम काय? डोळा बदलायचा नाही. आपला उजवा डोळा बदलला, त्यात दुसरंच भिंग बसवलं, म्हणजे नियमाने तो परक्याचा डोळा झाला. वर्षभर पट्टी ज्याने वाचली तो डावा अजून आहे, आणि तो म्हणतो फरक नाही. मग नियमाने उत्तर काय? फरक नाही. शिवाय डॉक्टरच म्हणाले, निळं जास्त दिसतं. जास्त म्हणजे असतं त्यापेक्षा जास्त. म्हणजे हा नवा डोळा खोटं बोलतो. पण तो खोटं बोलत असेल तर दोन्ही अर्ध्या भागांबद्दल सारखंच खोटं बोलेल ना? फरक कुठून आणेल? इथे येऊन त्यांचं डोकं अडकायचं, आणि ते परत पहिल्यापासून सुरू करायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक साधी भीती होती, तिला कुठला नियम लागत नव्हता. ज्या बाईला आपण आयुष्यभर काळोखात जपलं, तिला आपणच वर्षभर उजेडात उभं केलं, आणि का, तर आपल्याला ती बघायची होती म्हणून.

तिथे बसल्या बसल्या त्यांना घरातली शाल आठवली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी बायकोसाठी आणली होती. दुकानदाराला शंभर निळे काढायला लावले होते, हा नाही, हा नाही, आणि शेवटी चित्रातल्या शालीच्या जवळ जाणारी एक मिळाली होती. तिने ती पांघरली, आरशात बघितलं, आणि खिडकीशी जाऊन बसली. आणि ह्यांच्या तोंडून गेलं, उन्हात नको बसूस, रंग उडेल. झालं. मग ती शाल काळ्या कागदात गुंडाळून कपाटात गेली. लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरून खणात गेला. पुढच्या खोलीचे पडदे ओढले गेले, कारण नव्या खुर्च्यांचं कापड. सुरुवातीला ती पडदे उघडायची आणि ते लावायचे, ती उघडायची, ते लावायचे, शब्द न बोलता, आणि खिडकीतल्या कुंड्या एकेक करून गेल्या. पुढे पुढे ती उघडेनाशी झाली. माणूस नोकरी घरी आणतो म्हणतात, ह्यांनी काळोख आणला. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा म्हणाली होती, बाबा, माझ्या घराला मी पडदेच लावणार नाही. तेव्हा ते हसले होते. त्या चित्राबद्दल घरी इतकं बोलणं व्हायचं की बायको तिला माझी सवत म्हणायची, पण तिने ते कधी बघितलं नव्हतं. बघायला कधी येऊ, असं तिने विचारलं की ते म्हणायचे, आत्ता नको, आत्ता काही दिसायचं नाही. आणि आता दिसत होतं.

बाकावर त्यांना मास्तरांचं आणखी एक बोलणं आठवलं, आणि ते ताडकन उठले. चित्राभोवती जो पुठ्ठा असतो, चौकटीच्या आतला, त्याच्याखाली चित्राची कड लपलेली असते. त्या कडेला उजेड कधीच लागलेला नसतो. पट्टी वर्षाची गोष्ट सांगते, कड जन्माची सांगते, असं मास्तर म्हणायचे, पण कड उघडायची नाही, चित्राला हात लावायचा नाही, अगदीच इलाज नसल्याखेरीज. आता इलाज नव्हता. ते परत आले ते थेट बाईंच्या खोलीत, धापा टाकत, आणि म्हणाले की चित्र उतरवून चौकट खोलायची आहे, आत्ता, बैठकीच्या आधी. बाईंना वाटलं असावं की ऑपरेशनने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांनी का म्हणून विचारलं नाही, आणि ह्याबद्दल अंधाररावांना त्यांची माया वाटली.

दालनाला दोरी लावून मामा दारात उभे राहिले. चित्र मोठ्या टेबलावर पालथं ठेवलं. मागचे खिळे काढताना अंधाररावांचे हात आपलं काम जाणत होते. घोटाळा सगळा डोळ्यांचा होता. मागची पाठ निघाली, चित्र उलथून पुठ्ठ्यासकट वर आलं. पुठ्ठा एका बाजूने चिकटवलेला होता, दाराला बिजागरी असावी तसा. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि डावा डोळा झाकला.

कडेला, जिथे शालीचं टोक पुठ्ठ्याखाली जात होतं, तिथे बोटभर रुंद निळा होता. मास्तरांनी झडप उघडली तेव्हाचा नव्हे, त्याहून पलीकडचा. ओला असावा असा. आणि जिथे पुठ्ठ्याची कड होती तिथे रेघ मारल्यासारखा तो थांबत होता आणि पुढे ज्याला ते जन्मभर निळा म्हणत आले होते तो सुरू होत होता, राखेत कालवलेला, दमलेला. म्हणजे पहिल्या दिवशी पाऊल मागे सरलं होतं तेही ह्याच दमलेल्या रंगाला बघून. त्यांनी हात बदलला. डाव्या डोळ्याला रेघसुद्धा दिसत नव्हती. कागद, कड, शाल सगळं एक, तपकिरी, शांत. पुन्हा उजवा. रेघ. त्यांनी टेबलाची कड धरली. मग त्यांनी जन्मात जे केलं नव्हतं ते केलं.

"तुम्हाला काय दिसतं?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाई वाकल्या. त्यांचा हात नकळत तोंडावर गेला होता, आणि अंधाररावांना उत्तर तिथेच मिळालं.

"ही अशी होती?" त्या शेवटी म्हणाल्या. "सर, हे सगळं ह्या एका वर्षात?"

नाही, ते म्हणाले, आणि सांगत गेले. ह्यातलं बरंचसं आपल्या हातात येण्याच्या कितीतरी आधी, कुणाच्या तरी बैठकीत, उघड्या खिडकीसमोर गेलं असणार. थोडं मास्तरांच्या काळात. थोडं माझ्या. आणि थोडं ह्या वर्षी. कुठलं कुणाचं ते आता देवालाही वेगळं करता यायचं नाही. पण ह्या वर्षीचं काहीतरी आहे, पट्टी सांगते, मला ते वर्षभर दिसलं नाही कारण माझ्या डोळ्यात पडदा होता, आणि पट्टी माझ्याखेरीज कुणी बघायचीच नाही असा आपला नियम. बाई म्हणाल्या, म्हणजे दालन बंद करायचं. त्यांच्या आवाजातला आनंद मावळला होता, आणि अंधाररावांना एकदम वाटलं की हो म्हणावं, लावाव्यात सगळ्या झडपा, जन्मभराचं काम परत हातात घ्यावं. सोपं होतं. वर छताकडे बघितलं तर पांढऱ्या पडद्यांवरून उजेड असा उतरत होता की ज्यांनी ही खोली बांधली ती माणसं काय डोक्याची असतील असं वाटावं.

"दालन नको," ते म्हणाले. "तिला. तिला झोपवा. काही वर्षं. इथे दगडाची शिल्पं आणा, खालची मडकी आणा. दगडाला उजेड बाधत नाही. आणि पट्टी इथून पुढे दोघांनी वाचायची, एकाने नाही."

किती वर्षं झोपवायचं, बाईंनी विचारलं. त्यांनी आकडा न सांगता काळा कागद उलगडायला घेतला, कारण ती पुन्हा भिंतीवर येईल तेव्हा ते नोकरीत नसणार होते, हे दोघांनाही कळलं होतं. बाईंनी मग बैठकीत काय सांगायचं त्याचाही प्रश्न त्यांच्यावर टाकला नाही. मी बघते, म्हणाल्या. चित्र काळ्या कागदात गुंडाळून सपाट पेटीत गेलं, आणि पेटी कोठीत. गुंडाळताना त्यांनी शेवटचं बघितलं ते दोन्ही डोळ्यांनी, आणि त्यामुळे शाल धड निळीही दिसली नाही आणि धड तपकिरीही. भिंतीवर जिथे चित्र होतं तिथे एक गडद चौकोन राहिला होता, कारण भिंतसुद्धा वर्षभर उजेड खात होती. मामा म्हणाले, चला, आता मला डोळे मारा. कुणी हसलं नाही, तर ते स्वतःच थोडं हसले.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि पुढच्या खोलीला मावळतीची खिडकी. बायको पडदे ओढून अर्ध्या काळोखात बसली होती, जशी ती रोज बसे, आणि हे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांनी काही न बोलता पडदा बाजूला सारला. सगळी खोली पिवळी झाली. ती म्हणाली, काय झालं, बरं वाटत नाही का. त्यांनी विचारलं, ती शाल आहे का अजून? कुठली शाल, ती म्हणाली, पण तिला बरोबर कळलं होतं, कारण ती उठून थेट कपाटाशी गेली. काळा कागद ठिसूळ होऊन तिच्या हातातच फाटला. आतली शाल दुकानातून आत्ता आणावी तशी होती. तिने ती उलगडली, झटकली, आणि काय करायचं ते न सुचून खांद्यावर घेतली, दोन्ही हातांनी धरून. पांढरे केस, डागाळलेले हात, आणि मध्ये तो निळा. अंधारराव डाव्या डोळ्यावर हात ठेवून बघत राहिले. मग उजव्या डोळ्यावर ठेवून. त्यांना खूप काही सांगायचं होतं, चित्राचं, कडेचं, बाकाचं, आणि तुला कधी बघायला बोलावलं नाही ह्याचं, पण सगळं एकाच वेळी वर आलं आणि दारात अडकलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "खिडकीशी. उजेडात."

"नको," ती सहज म्हणाली. "रंग उडेल."

"उडू दे."

तिने त्यांच्याकडे टक लावून बघितलं. वेडे झालेत की थट्टा करतायत हे तिचं ठरत नव्हतं. मग ती खिडकीशी आली, खरंच आली, उन्हाचा पट्टा तिच्या खांद्यावर चढला आणि निळा असा पेटला की त्यांचं पाऊल मागे सरलं, पहिल्या दिवसासारखं. पण तेवढ्यात तिचा हात पडद्याकडे गेला. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. हात आपला आपण गेला, इतक्या वर्षांच्या सवयीने, आणि पडदा सर्रकन ओढला गेला. तिला ते कळलंही नसावं, कारण ती शाल पांघरून तिथेच खुर्चीत बसली आणि म्हणाली की आता सांगा, आज झालं तरी काय तुमच्या सवतीला, माझ्या म्हणजे. ते पुढे झाले नाहीत, पडद्याला हात लावण्याचं त्यांना धैर्य झालं नाही. चाचपडत ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. शाल कुठे आहे आणि ती कुठे आहे ते नीट समजत नव्हतं. त्यांनी एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा. काळोखात दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसत होतं.